ज्योतीच्या रंगावरून धातू ओळखायचा तर आधी सोडियमला बाहेर काढा

बारावीच्या प्रॅक्टिकलला माझ्या वाट्याला आलेल्या पुडीत पांढरीशुभ्र भुकटी होती. तार ज्योतीत धरली, ज्योत पिवळीधमक झाली आणि मी खुशाल ‘सोडियम’ लिहून मोकळा झालो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काही न बोलता टेबलावरची निळी काच माझ्या हातात दिली आणि तीच तार पुन्हा ज्योतीत धरायला लावली. काचेतून पाहिलं तर पिवळा रंग पार गायब, आणि त्या जागी क्षणभर एक किरमिजी झळक. पुडीत पोटॅशियम क्लोराईड होतं. पिवळा रंग माझ्या घामाचा होता, कारण तारेचं टोक मी बोटांनी वळवून गोल केलं होतं.

आता मी स्वतः कोकणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, केमिस्ट्री शिकवतो. आमच्या लॅबच्या पश्चिमेकडच्या खिडक्या उघड्या राहिल्या तर ज्योतीत काहीही न घालता मधूनमधून पिवळ्या ठिणग्या उडतात. खारा वारा! म्हणून या लेखात रंगांची यादी नंतर येईल. ती कुठल्याही गाइडात मिळते. आधी सोडियमशी कसं वागायचं ते शिकू.

सोडियम इतका आगाऊ का?

ज्योतीच्या उष्णतेने अणूतला बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि परत खाली येताना तेवढीच ऊर्जा प्रकाश म्हणून सोडतो. पातळ्यांमधलं अंतर प्रत्येक मूलद्रव्याचं स्वतःचं, म्हणून रंगही स्वतःचा. सोडियमचा प्रकाश ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर येतो. आपला डोळा साधारण ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तल्लख असतो, म्हणजे सोडियम अगदी जवळच बसलेला. उलट पोटॅशियमचा मुख्य प्रकाश ७६६.५ आणि ७६९.९ नॅनोमीटरवर, गडद तांबड्या टोकाला, जिथे डोळा जवळजवळ आंधळा असतो. भरीला ४०४ नॅनोमीटरच्या आसपास थोडा जांभळा. या दोन दुबळ्या टोकांची बेरीज म्हणजे पोटॅशियमचा तो फिकट जांभळा रंग. सोडियमचा कणभर अंशही त्याला गिळून टाकतो.

किती कणभर? जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्ताव किरखॉफ यांनी हे मोजलं होतं. खोलीच्या एका कोपऱ्यात त्यांनी ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुधातल्या साखरेबरोबर जाळलं आणि दूरच्या कोपऱ्यातल्या ज्योतीकडे प्रिझममधून पाहत बसले. खोली सुमारे ६० घनमीटरची होती. काही मिनिटांत ज्योत पिवळी झाली. त्यांच्या हिशेबाने एका मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागापेक्षाही कमी सोडियम त्यांना दिसत होता. हवेत सोडियम सतत असतो आणि तो समुद्रातून येतो, हेही त्यांनी १८६० च्या आपल्या लेखात नोंदवून ठेवलंय. आमच्या लॅबच्या खिडक्यांना हे आयतं प्रशस्तिपत्रक.

एवढ्यावरून नियम एकच: पिवळा दिसला म्हणजे नमुन्यात सोडियम आहे असं नाही. पिवळा भडक असेल, टिकून राहत असेल आणि त्याच तारेवर नमुन्याशिवाय येत नसेल, तरच सोडियम लिहा.

सामान

गॅसचा बर्नर. नायक्रोमची तार, साधारण ७-८ सेंटीमीटर. प्लॅटिनमची मिळाली तर उत्तम, पण तिची किंमत ऐकून बहुतेक कॉलेजं ती कपाटात कुलपात ठेवतात. नायक्रोमसाठी विजेच्या शेगडीची जुनी कॉईल चालते, दुरुस्तीवाल्याकडे फुकटात मिळते. दोन वॉच ग्लास. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, ड्रॉपरसह छोट्या बाटलीत. गडद निळी कोबाल्टची काच, शक्यतो दोन. चिमटा, डिस्टिल्ड वॉटर, चष्मा, सुती ॲप्रन.

आणि सर्वांत महत्त्वाचं: ज्यांचं नाव माहीत आहे असे क्षार. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि कॉपर यांची क्लोराईडं किंवा नायट्रेटं, प्रत्येकी चिमूटभर. ओळख नसलेली पुडी उघडण्याआधी ओळखीच्यांचे रंग स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या लॅबच्या उजेडात पाहून घ्या. पुस्तकातला ‘विटकरी’ आणि तुमच्या डोळ्यांचा ‘विटकरी’ यांची गाठ घालून दिल्याशिवाय ही परीक्षा म्हणजे नुसता अंदाजपंचे कारभार.

हे काम लॅबमध्येच आणि शिक्षक समोर असतानाच करा. तीव्र आम्लाचे थेंब हातावर पडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात, मोरचूदही (कॉपर सल्फेट) पोटात जाता कामा नये. खिडकी उघडी ठेवायची की बंद, हा कोकणातला पेच मी असा सोडवलाय: ज्योतीवर थेट वारा येणारी खिडकी बंद आणि मागची उघडी, म्हणजे धूर जायला वाट राहते. धूर बाहेर ओढणारं फ्यूम कपाट असेल तर प्रश्नच मिटला.

एक गोष्ट अजिबात करायची नाही. मेथॅनॉलमध्ये क्षार विरघळवून बश्यांमध्ये पेटवायचे आणि रंगीत ज्योतींची रांग दाखवायची, हा प्रयोग इंटरनेटवर फार सुंदर दिसतो. मेथॅनॉलची वाफ लांबपर्यंत पसरते आणि विझत आलेल्या बशीत कुणी बाटलीतून आणखी ओतलं की आग थेट बाटलीत शिरते. अमेरिकेत अशा प्रात्यक्षिकांत मुलं गंभीर भाजल्यावर तिथल्या रासायनिक सुरक्षा मंडळाने २०१४ मध्ये याविरुद्ध जाहीर इशारा दिला. तारेने तेच रंग दिसतात, फक्त टाळ्या कमी पडतात.

पायरी १: ज्योत जुळवणं

बर्नर पेटवताना हवेचं छिद्र बंद ठेवा, पिवळी ज्योत आली की ते हळूहळू उघडा. ज्योत निळी होईल आणि आत एक ठळक निळा शंकू दिसेल. त्या शंकूच्या टोकाच्या जरासा वर ज्योत सर्वांत तापलेली असते. हवा जास्त झाली तर ज्योत फरफरते आणि कधीकधी टप् आवाज करून नळीच्या आत शिरते. तसं झालं तर घाबरून बर्नरला हात लावू नका, तो चटका देतो. गॅसचा टॅप बंद करा, बर्नर गार होऊ द्या, छिद्र थोडं बंद करून पुन्हा पेटवा.

स्पिरिटचा दिवा असेल तर? बऱ्याच शाळांत तोच असतो. सोडियम, पोटॅशियम, कॉपर दिसतात, पण वातीचा स्वतःचा पिवळेपणा आडवा येतो आणि बेरियमसारखे हळू तापणारे क्षार दगा देतात.

खोलीत थोडा अंधार करा आणि ज्योतीमागे काळा पुठ्ठा उभा करा. ट्यूबलाइटखाली पोटॅशियम पाहायचा हट्ट म्हणजे भर दुपारी काजवे शोधणं.

पायरी २: तार शुद्ध करणं

निम्मी मुलं नापास होतात ती इथे, पुढे नाही.

चिमट्याने तारेच्या टोकाला २-३ मिलिमीटरचा छोटा वेढा करा. पेन्सिलीच्या शिसाभोवती गुंडाळला की बरोबर मापाचा होतो. दुसरं टोक बुचात खोचा. काचेच्या कांडीत बसवलेली तार मिळते, पण साध्या काचेतही सोडियम असतो. आखूड तारेमुळे काच ज्योतीजवळ गेली की ती स्वतःच पिवळा रंग देते. एका मुलीने एकदा अख्खी तासिका या पिवळ्याचा शोध घेण्यात घालवली. तार स्वच्छ होती, आम्ल नवं होतं, हात लागला नव्हता. शेवटी दोघांनी मिळून पाहिलं तर कांडीचं टोक लालबुंद होऊन मऊ पडलेलं.

पहिल्या वॉच ग्लासात तीव्र आम्लाचे ८-१० थेंब घ्या. तार त्यात बुडवा, ज्योतीच्या कडेला धरून लाल होईपर्यंत तापवा. रंग येईल. पुन्हा बुडवा, पुन्हा तापवा. नव्या तारेला हे दहा-बारा वेळा करावं लागतं. आम्ल बदलायला कंजूषी करू नका, कारण त्याच थेंबांत आधीची सगळी घाण उतरलेली असते. नायक्रोम या आम्लात हळूहळू झिजते आणि आम्ल हिरवट दिसायला लागतं. ती खूण समजा आणि थेंब फेकून नवे घ्या. नायक्रोमची तार शंभर टक्के रंगहीन होईलच असं नाही, अगदी पुसट केशरी झाक राहते. ती झाक लक्षात ठेवा, म्हणजे नंतर तिला कॅल्शियम समजणार नाही.

स्वच्छ झालेल्या टोकाला त्यानंतर बोट लावायचं नाही, टेबलावर टेकवायचं नाही, फुंकर मारायची नाही. मुलं हमखास फुंकर मारतात!

प्लॅटिनमची तार वापरत असाल तर शिसं, अँटिमनी, बिस्मथ यांचे क्षार तिच्यावर कधीही घेऊ नका. ज्योतीत त्यांचा धातू मोकळा होतो, प्लॅटिनमशी मिश्रधातू बनवतो आणि तार कायमची ठिसूळ होते.

पायरी ३: लेप

दुसऱ्या वॉच ग्लासात गव्हाच्या दाण्याएवढा नमुना घ्या, त्यावर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब, आणि काचेच्या कांडीने कालवून लेप करा. आम्ल कशाला? तर क्षाराचं क्लोराईड व्हावं म्हणून. क्लोराईडं ज्योतीत सहज वाफ होतात, आणि वाफ झाल्याशिवाय रंग नाही. कार्बोनेट असेल तर फसफसेल, तेवढं थांबा.

सल्फेटांचं मात्र वेगळं. बेरियम आणि स्ट्रॉन्शियमची सल्फेटं आम्लाला दाद देत नाहीत. अशा वेळी नमुना तारेवर घेऊन आधी ज्योतीच्या आतल्या, हवा कमी असलेल्या भागात धरा. तिथे सल्फेटाचं सल्फाईड होतं. मग ते टोक आम्लात टेकवून बाहेरच्या ज्योतीत न्या. एवढ्या एका युक्तीने मुलांचं ‘रंग नाही’ हे उत्तर बदलताना मी अनेकदा पाहिलंय.

तारेच्या वेढ्यावर लेप थोडाच घ्या. ढेकूळ घेतलं तर ते टपकन बर्नरच्या नळीत पडतं आणि पुढच्या सगळ्या बॅचेसना तुमचा नमुना दिसत राहतो.

पायरी ४: पाहणं, आणि किती वेळ टिकतं ते मोजणं

लेप आधी ज्योतीच्या तळाशी, बाहेरच्या कडेला धरा. तिथे उष्णता कमी, म्हणून सहज उडणारे क्षार आधी बोलतात. मग तार सावकाश वर, शंकूच्या टोकापाशी न्या. नुसता रंग पाहू नका. कधी आला, किती टिकला, पुन्हा आम्लात बुडवल्यावर परत आला का, हे मनात मोजा. माझ्या मते ओळखण्याचं निम्मं काम या मोजण्यात आहे.

सोडियम लगेच येतो आणि जाता जात नाही. सोनेरी पिवळा, पूर्वीच्या रस्त्यांवरच्या सोडियम दिव्यांच्या घराण्यातला. मरीन ड्राइव्हचा रत्नहार २०१५ मध्ये पांढऱ्या एलईडीचा झाला तेव्हा मुंबईकरांनी जो पिवळा परत मागितला, तोच.

पोटॅशियम तळाच्या कडेलाच, सुरुवातीच्या एक-दोन सेकंदांत झळकतो. सदाफुलीच्या पाकळीसारखा फिकट जांभळा-गुलाबी. पापणी लवली की गेला.

कॅल्शियमला पुस्तकं विटकरी म्हणतात. मला विचाराल तर पावसात भिजलेल्या जांभ्या दगडाचा रंग, थोडा केशरीकडे झुकलेला. भपकन येतो आणि विरतो, आम्लात बुडवलं की पुन्हा येतो. हा रंग एकट्या अणूचा नाही. कॅल्शियमची ज्योतीत तयार होणारी संयुगं रुंद पट्ट्यांत प्रकाश देतात, म्हणून तो जरा मळकट वाटतो.

स्ट्रॉन्शियम जास्वंदीसारखा गडद लाल, कॅल्शियमपेक्षा जास्त टिकणारा. मुलांचा सर्वांत जास्त गोंधळ या दोघांत. उपाय एकच, दोन तारा, एकीवर ओळखीचा कॅल्शियम आणि दुसरीवर नमुना, लागोपाठ धरून पाहा. आठवणीतल्या रंगावर विसंबू नका.

लिथियम अभ्यासक्रमातल्या पुड्यांत सहसा नसतो. रंग कोकम सरबतासारखा, गुलाबीकडे झुकणारा लाल. नुसत्या डोळ्याने तो आणि स्ट्रॉन्शियम वेगळे करणं अवघड, त्याचा इलाज पुढे आहे. आणि मोबाइलची बॅटरी फोडून लिथियम काढायचा विचारही नको.

बेरियम आळशी. पहिल्या काही सेकंदांत काहीच नाही, मुलं तार बाहेर काढतात आणि ‘रंग नाही’ लिहितात. शंकूच्या टोकाशी धीर धरून ठेवा. क्षार चांगला तापला की पोपटी हिरवा हळूहळू चढतो आणि बराच वेळ राहतो. फटाक्यांतला हिरवा याचाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरायला बंदी घातली. दिवाळीतला फटाका फोडून आतली दारू तारेवर घ्यायची कल्पना दरवर्षी कुणाला तरी सुचते. ती तिथेच सोडा.

तांब्याची ज्योत सगळ्यांत देखणी. आम्ल ओलं असेपर्यंत कडेला निळी, आम्ल उडालं की हिरवी, मधला क्षण अस्सल मोरपिशी. हा निळा क्लोराईडमुळे येतो, म्हणून आम्लाशिवाय घेतलेलं मोरचूद मुख्यतः हिरवंच दिसतं.

बोरॉन धातू नाही, पण त्याचा हिरवा बेरियमला फसवतो. फरक असा की बोरॉनचा हिरवा लगेच आणि उजळ येतो, बेरियमला वेळ लागतो.

पायरी ५: निळी काच

कोबाल्टची निळी काच पिवळा प्रकाश शोषते आणि निळा व गडद तांबडा जाऊ देते. म्हणून सोडियम अदृश्य होतो आणि पोटॅशियम मागे उरतो. काच डोळ्यासमोर धरा, ज्योतीसमोर नाही. तापली तर तडकेल. एका काचेतून पिवळा झिरपत असेल तर दोन एकावर एक धरा.

काचेतून पोटॅशियम किरमिजी दिसतो, स्ट्रॉन्शियम जांभळा, कॅल्शियम फिकट हिरवट, बेरियम निळसर हिरवा. कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियमचा तंटा इथे बऱ्यापैकी मिटतो. पण एक सवय लावून घ्या: प्रत्येक नमुना आधी नुसत्या डोळ्याने आणि मग काचेतून, दोन वेगळ्या बुडव्यांत. पोटॅशियमच्या दोन सेकंदांत काच शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. काच आधी डोळ्यासमोर, तार नंतर ज्योतीत.

रंगच आला नाही तर

मॅग्नेशियम, जस्त, ॲल्युमिनियम बर्नरच्या ज्योतीत ओळखण्याजोगा रंग देत नाहीत. मॅग्नेशियमची मुख्य रेषा २८५.२ नॅनोमीटरवर, जस्ताची २१३.९ वर, म्हणजे दोन्ही अतिनील भागात, डोळ्याच्या पलीकडे. मुलं विचारतात, ‘सर, मॅग्नेशियमची फीत तर लख्ख पांढरी जळते?’ ती जळते, आणि तो पांढरा उजेड तापलेल्या मॅग्नेशियम ऑक्साईडचा असतो. क्षाराच्या ज्योतीत ते घडत नाही. तेव्हा ‘रंग नाही’ हेसुद्धा एक निरीक्षण आहे, फक्त बेरियमएवढा धीर धरून झाल्यावर लिहा.

सराव कशावर करायचा

आमच्या भागात नमुन्यांना तोटा नाही. किनाऱ्यावरच्या शिंपल्या म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तुकडा धुवून, कुटून आम्लात टाकला की फसफसून विरघळतो आणि जांभ्याचा रंग देतो. आधी डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा नीट धुवा, नाहीतर समुद्राचं मीठ पुढे धावतं. सुपारीच्या बागांत पावसाच्या तोंडावर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात, ते मोरचूद आणि चुन्याचं. दोन्ही वेगवेगळे घेऊन पाहा, मग फवारणीच्या टाकीच्या तळाशी राहिलेला सुकलेला साका घ्या. त्यात तांब्याचा हिरवा आधी डोळ्यांत भरतो आणि कॅल्शियम लपतो. मिश्रणात एक रंग दुसऱ्याला कसा झाकतो ते कळायला यापेक्षा चांगला नमुना मला सापडलेला नाही.

निळ्या काचेच्या सरावाला खताच्या दुकानातलं म्युरेट ऑफ पोटॅश घ्या. ते पोटॅशियम क्लोराईडच, पण थोडं मीठ सोबत असतंच, म्हणून नुसत्या डोळ्याला पिवळं आणि काचेतून किरमिजी. माझ्या बारावीच्या पुडीची हुबेहूब नक्कल. किराणा दुकानातलं ‘लो सोडियम’ मीठही चालतं, त्यातही पोटॅशियम क्लोराईड मिसळलेलं असतं. कॅरमच्या बोर्डावर टाकायची पावडर बोरिकची असेल तर हिरवी ज्योत देते. पाकिटावर नाव वाचून घ्या, कारण सगळ्या पावडरी बोरिकच्या नसतात. यातलं काहीही घरच्या शेगडीवर तपासू नका. जिथे पोळ्या भाजायच्या तिथे मोरचूद कशाला?

जुन्या सीडीचा स्पेक्ट्रोस्कोप

डोळ्याला जे जमत नाही ते प्रकाश फोडल्यावर दिसणाऱ्या रंगीत रेषांना जमतं, आणि त्या दाखवणारं साधन म्हणजे स्पेक्ट्रोस्कोप. बुन्सेनने रंग वेगळे काढायला रंगीत काचा वापरायला घेतल्या होत्या, किरखॉफने सुचवलं की त्यापेक्षा प्रिझममधून पाहू. त्यातून १८६० मध्ये ड्युर्कहाइमच्या खनिज झऱ्याच्या पाण्यात दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या आणि सीझियम सापडलं. पुरेसा क्षार हाती यायला सुमारे ४४ टन पाणी आटवावं लागलं. पुढच्या वर्षी लाल रेषांवरून रुबिडियम. विल्यम क्रूक्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला १८६१ मध्ये एक हिरवी रेषा दिसली, त्याने कोवळ्या हिरव्या कोंबाच्या ग्रीक शब्दावरून थॅलियम नाव ठेवलं. इंडियमचं नाव निळीच्या रंगावरून. चारही बारशी ज्योतीच्या रंगाने झालेली.

आपल्याला प्रिझम नको. सीडीवरच्या चऱ्यांत १.६ मायक्रोमीटरचं अंतर असतं, म्हणजे मिलिमीटरला ६२५ रेषा. फुकटातली ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेषांची जाळी. बुटांचा खोका आतून काळा करा. एका टोकाच्या भिंतीत आडवी फट पाडा आणि तिच्यावर दाढीच्या दोन ब्लेडच्या धारा समोरासमोर चिकटवा, मध्ये केसाएवढी जागा ठेवून. ब्लेड हाताळताना जपून. समोरच्या टोकाला सीडी तळाशी सुमारे ६० अंशांत तिरकी टेकवा आणि तिच्या वर झाकणाला पाहायला भोक पाडा. फट ज्योतीकडे करून भोकातून पाहा, सीडीचा कोन थोडा मागेपुढे करा, रंगपट्टी सापडेल. आधी एखाद्या सीएफएल दिव्याकडे करून पाहिलं तर वेगळे पट्टे लगेच दिसतात आणि खोका जमला की नाही ते कळतं.

आता ज्योत. सोडियमची एकच पिवळी रेषा दिसेल. ती मुळात जोडी आहे, पण आपल्या फटीला तेवढं फोडता येत नाही. लिथियमची ६७०.८ वर ठसठशीत लाल रेषा. स्ट्रॉन्शियमला लाल-केशरी पट्ट्यांबरोबर ४६०.७ वर एक निळी रेषा असते, आणि लिथियम-स्ट्रॉन्शियमचा वाद ती एका नजरेत मिटवते. निळी दिसली तर स्ट्रॉन्शियम. कॅल्शियमचे एक केशरी आणि एक हिरवा असे दोन पट्टे, ६२२ आणि ५५४ च्या आसपास. बेरियमचे हिरव्यात एकामागोमाग अनेक. एकाने ज्योत धरायची आणि दुसऱ्याने पाहायचं, एकट्याने हे जमत नाही.

त्या पिवळ्या रेषेवरून आठवलं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून गुंटूरकडे गेला होता. गुंटूरला जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा पाहिल्या. त्यातली पिवळी सुरुवातीला अनेकांना सोडियमचीच वाटली. ती ५८७.६ नॅनोमीटरवर होती, सोडियमच्या जोडीपासून जेमतेम दीड नॅनोमीटर अलीकडे, आणि निघाली हेलियमची. विजयदुर्गाच्या किल्ल्यात साहेबाचा कट्टा दाखवतात आणि लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने तिथून १८६८ चं ग्रहण पाहिलं असं सांगतात. लॉकयर त्या वर्षी इंग्लंडमध्ये होता आणि ती रेषा त्याने तिथूनच ऑक्टोबरमध्ये पाहिली. विजयदुर्गला तो आला खरा, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. मुलांना किल्ल्यावर नेतो तेव्हा हे सांगतो, गाइड रागावतो.

जर्नलमध्ये काय लिहायचं

निरीक्षणात रंग, तो येण्याचा वेळ, टिकण्याचा वेळ आणि निळ्या काचेतून काय दिसलं, असं चारही लिहा. अनुमानात ‘कॅल्शियम असण्याची शक्यता’ एवढंच. शिक्कामोर्तब द्रावणाच्या परीक्षेने होतं. कॅल्शियमला अमोनियम ऑक्झलेटने पांढरा साका, स्ट्रॉन्शियमला अमोनियम सल्फेटने पांढरा, बेरियमला पोटॅशियम क्रोमेटने पिवळा, आणि पोटॅशियमला सोडियम कोबाल्टिनायट्राईटने पिवळा. ज्योत आणि साका यांचं पटलं नाही तर आधी तारेवर संशय घ्या, मग आम्लावर, मग स्वतःच्या डोळ्यावर. बाटलीवरची चिठ्ठी चुकली असं शेवटी म्हणा, मात्र तेही एकदा खरं ठरलंय.

काम झालं की तार आम्लात बुडवून रंगहीन होईपर्यंत तापवा. वापरलेली आम्लं सिंकमध्ये सरळ ओतू नका. बेरियम आणि तांब्याची वेगळ्या बाटलीत जमा करा. गार झालेली तार बुचासकट परीक्षानळीत सोडा, बूच नळीच्या तोंडाशी बसेल आणि टोक आत हवेत लोंबत राहील. प्रत्येक धातूची नळी वेगळी असेल तर पुढच्या बॅचचे दहा-बारा बुडवे वाचतात. आमच्या कपाटातल्या नळ्यांवर चिठ्ठ्या आहेत, आणि पोटॅशियमच्या नळीवर माझ्याच अक्षरात आणखी एक ओळ: ‘टोकाला बोट लावू नये. सरांनी लावलं होतं.’